छत्र्यांचं उखळ

ब्रिस्टल, १४ ऑक्टोबर २००६

प्रिय सुखदेवमामा, सप्रेम जय भीम.

आज दीक्षाभूमीवर पन्नास वर्षांची गर्दी लोटली असेल, आणि तुमची भाची ब्रिस्टलबाहेरच्या एका हवेलीत गुडघ्यांवर बसून लाकडाची कीड शोधते आहे. आई असती तर म्हणाली असती, याच्यासाठी शिकवलं होतं का तुला. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुम्हाला निम्मं ऐकू आलं नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तुम्ही चिडलात. म्हणून पत्र.

हवेलीचं नाव कोल्डहर्स्ट. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला पुढच्या वर्षी दोनशे वर्षं होतायत. त्यासाठी ग्रँट मिळतेय आणि छप्पर गळतंय, म्हणून मालकीणबाई मे महिन्यात घर लोकांना दाखवायला उघडणार आहेत. लाकूडकामाची दुरुस्ती आमच्या फर्मकडे आलीय आणि माहितीचे फलकही मीच लिहायचेत. मालकीणबाई म्हणजे मिसेस हॅलिवेल. वय एक्क्याऐंशी, एकट्या राहतात. मी पहिल्या दिवशी मागच्या दाराने येऊ का असं विचारलं, तर म्हणाल्या, माझ्या घरात माणसं पुढच्या दाराने येतात. मामा, मला त्या आवडल्या.

पण घराचा पैसा इथला नाही. टोबायस हॅलिवेल नावाचा यांचा पूर्वज सतराशे चाळीसच्या सुमाराला अमेरिकेत साउथ कॅरोलायनाला गेला. नदीकाठची दलदल घेतली आणि तिथे भात लावला. त्याला स्वतःला भातातलं काही कळत नव्हतं. आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखातून पकडून आणलेली माणसं त्याने विकत घेतली, त्यांना कळत होतं. मग नदीकडे तोंड करून विटांचं दुमजली घर बांधलं, पुढे पांढरे खांब. नाव विंडओव्हर. उन्हाळ्यात दलदलीत तापाची साथ यायची तेव्हा मालक मंडळी शहरात जायची आणि गुलाम दलदलीत राहायचे. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. टोबायसचा मुलगा राजाच्या बाजूने होता, जमीन गेली, तो ब्रिस्टलला परत आला. येताना विंडओव्हरच्या एका खोलीच्या भिंतींच्या सगळ्या फळ्या उतरवून जहाजात घालून आणल्या. त्या इथे वरच्या मजल्यावर बसवल्यात. तिला कॅरोलायना रूम म्हणतात. तिकडचं घर पुढे त्यांच्या यादवीत जळालं, आता धुराडी तेवढी उभी आहेत.

आता माझा प्रश्न. पुढच्या दारातून आत आलं की लाकडाचा एक कोरलेला बुंधा आहे, कमरेएवढा उंच. घरात त्याला टोबायसचा बुंधा म्हणतात. विंडओव्हरला तोडलेलं पहिलं झाड म्हणे. त्यात छत्र्या ठेवतात. काल मी छत्र्या काढून आत हात घातला. तळाशी काळं पाणी होतं, ते पुसलं, आणि खाली वाटीसारखा गुळगुळीत खोलगटपणा लागला. काठ एकाच बाजूला झिजलेला. आई सांगायची ते रंभाआजीचं उखळ असंच होतं का? तुम्ही पाहिलंय. नीट आठवून लिहा.

तुमची धम्मशीला


कॉव्हेंट्री, २५ ऑक्टोबर २००६

चि. धम्मशीला, जय भीम.

नीट आठवून लिहा म्हणते. अगं, मी फाउंड्रीतली सगळी वर्षं विसरलो, उखळ विसरेन का? ते उखळच आहे. बुंधा कसला बाप्पा. झाड कुणी आतून घासून गुळगुळीत करत नाही. आणि काठ एका बाजूला झिजतो, कारण कांडणारी बाई दर थोड्या वेळानं मुसळ काठावर आपटून त्याला चिकटलेला दाणा झाडते. माझी माय उजव्या हातानं झाडायची, तिचा काठ उजवीकडं खाली गेला होता.

तुला आजी आठवत नाही म्हणून सांगतो. वैनगंगेकाठचा आपला सगळा मुलूख भाताचा, आणि गाव मालगुजाराचं, सगळी जमीन त्याची. त्याच्याकडं धान कांडायला आपल्या बाया. घराच्या मागं गुरांच्या कोठ्यात उखळं, तिथंच पहाटेपासून कांडण. कोरड्या धान्याला विटाळ नसतो, हे त्यांचं शास्त्र. मायनं कांडलेला तांदूळ आत जायचा, शिजायचा, देवाला दाखवला जायचा. माय बाहेर. तिला कोंडा आणि कणी मिळायची. तुझ्या त्या टोबायसच्या घरी काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक सांगतो. काम झालं की माय उखळ पदरानं पुसायची आणि वर सूप पालथं घालायची. आत थेंब पडू द्यायची नाही. ओलं उखळ आतून कुजतं, मग तांदूळ काळा पडतो आणि शिव्या खायला मायच. तिनं जन्मात मला एकदाच मारलं. पावसातून आलो आणि ओलं घोंगडं उखळात टाकलं म्हणून. चांगल्या दोन मुस्कटात दिल्या आणि मग स्वतःच रडत बसली.

आणि हे लोक त्यात छत्र्या ठेवतात! दीडशे-दोनशे वर्षं त्यात पावसाचं पाणी मुरवतायत. पोरी, मला तुझ्या फलकांचं काही नाही. काय लिहायचं ते तुला कळतं. माझं एकच मागणं आहे. त्या छत्र्या काढ.

तब्येत ठीक. पेन्शन वेळेवर.

तुझा मामा


ब्रिस्टल, १९ नोव्हेंबर २००६

प्रिय मामा, सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग मिसेस हॅलिवेलना सरळ जाऊन सांगितलं, हे उखळ आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग ते फिबीचं असणार.

फिबीची कबर इथल्या चर्चच्या आवारात आहे. कोटाची टोपी डोक्यावर ओढून दोघी पाहून आलो. दगडावर फक्त ‘फिबी, विंडओव्हरची’ एवढं आहे, आणि खाली ‘इमानी सेविका’. घरात सांगत आलेली गोष्ट अशी की टोबायसच्या सुनेला फिबीने कांडलेल्याच तांदळाचा भात लागायचा, म्हणून येताना त्यांनी तिला आणलं. सोबत बियाण्याचं धान आणि उखळ. तिची मुलं होती का, ती तिकडेच राहिली का, मी विचारलं. मिसेस हॅलिवेल म्हणाल्या, हे कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मग मी छत्र्यांचा विषय काढला, आणि तिथे अडलं. त्यात एक काळी छत्री आहे, लाकडी मुठीची. ती त्यांच्या मुलाची. तेवीस वर्षांचा होता. एकोणऐंशी साली पाऊस थांबला म्हणून छत्री त्यात टाकली, मोटरसायकल घेऊन गेला आणि ब्रिस्टलच्या रस्त्यावर संपला. त्या छत्रीला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. इतर छत्र्या येतात-जातात, ती तिथेच. मला म्हणाल्या, “दुसरं काहीही माग. ते मी जिवंत असेपर्यंत तसंच राहू दे.” आणि माझा हात धरला. मामा, त्यांचा हात थंडगार होता.

आता मी काय करू सांगा. त्या मला रोज जेवायला बसवतात, घरच्या टेबलावर, स्वतःच्या शेजारी. या देशात मला असं कुणी बसवलेलं नाही. आणि बॉसने बजावलंय की मालकीण नाराज झाली तर काम जाईल. माझं वर्क परमिट त्याच्या हातात आहे. फलकावर मी खरं लिहिणार, उखळ असं लिहिणार, फिबीचं नाव घालणार. एवढं चालेल ना?

तुमची धम्मशीला


कॉव्हेंट्री, ७ डिसेंबर २००६

चि. धम्मशीला, जय भीम.

काल सहा डिसेंबर. विहारात मेणबत्त्या लावल्या, मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं.

म्हातारीचं दुःख खरं आहे. लेकरू गेलेल्या बाईशी मी भांडणार नाही. पण फिबीची लेकरं कुठं राहिली, हे त्या घरात दोनशे वर्षांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. म्हातारीच्या लेकाची छत्री मात्र जिथल्या तिथं पाहिजे. एका आईचं सामान ठेवायला दुसऱ्या आईचं उखळ. आणि फलकावर ‘हे उखळ आहे’ लिहून खाली छत्र्या तशाच टपकत राहणार असतील, तर तो फलक चेष्टा आहे. लिहूच नकोस त्यापेक्षा.

तू जेवायला बसवतात म्हणून विरघळलीस. मी समजू शकतो. मला सदुसष्ट साली फोरमनच्या बायकोनं पहिल्यांदा चहा दिला तेव्हा मीही महिनाभर तिचं नाव घेत होतो.

ऐक. मायचं उखळ ती गेल्यावर मालगुजाराच्या पोरानं फोडून चुलीत घातलं. तुझ्या आईनं ते पाहिलं, मी इकडं होतो. ते गेलं. हे तुझ्यासमोर उभं आहे. मला त्यांची माफी नको, पैसा नको, पुतळा नको. ते कोरडं होऊ दे. माझ्या डोळ्यांदेखत झालं तर बरं.

थंडीनं थोडा खोकला आहे. काळजीचं काही नाही.

तुझा मामा


ब्रिस्टल, १२ फेब्रुवारी २००७

प्रिय मामा, सप्रेम जय भीम.

उशीर झाला, रागावू नका. आनंदाची बातमी आहे. छत्र्या निघाल्या. मिसेस हॅलिवेलना मी समजावलं, त्यांना पटलं. मुलाची छत्री त्यांनी वर आपल्या खोलीत नेली. उखळ आता कॅरोलायना रूममध्ये आहे, खिडकीपासून दूर, कोरडं. शेजारी फलक. फिबीचं नाव सगळ्यात वर आहे.

तुम्ही म्हणालात तसं काठाची झीजही दाखवली आहे. फिबीसुद्धा उजव्या हाताने झाडायची.

खोकला कसा आहे? जीपी डॉक्टरकडे गेलात का? जाऊन या. इकडे काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची धम्मशीला


कॉव्हेंट्री, ३ मार्च २००७

चि. धम्मशीला, जय भीम.

शाब्बास, पोरी. पत्र वाचलं आणि चष्मा काढून बसून राहिलो. मग उठलो आणि विहारात जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. दीनानाथ म्हणाला, सुखदेव, तुझ्या मायचं नाव राखलं पोरीनं. सुप्रभाताईंनी तर तिथल्या तिथं ठरवलं की उघडण्याच्या दिवशी मिनीबस करून सगळ्यांनी जायचं. मी मायचा फोटो आणणार आहे. तुझ्या त्या म्हातारीला दाखवीन. ती चांगली बाई दिसते. मी तिच्याबद्दल मागं जरा वाकडं लिहिलं, ते विसर.

मी त्या उखळाला हात लावला तर चालेल ना? तुमच्याकडं दोऱ्या बांधून ठेवतात, हात लावू देत नाहीत. पण तू आहेस तिथं.

जीपीकडं गेलो होतो. त्यांना उगाच फोटो काढायची हौस. छातीचा काढला. बाकी ठीक.

मी नवा मफलर घेतलाय, लोकरीचा. मार्केटमधल्या सरदारजीनं भाव कमी केला नाही.

तुझा मामा


ब्रिस्टल, २ एप्रिल २००७

प्रिय मामा, सप्रेम जय भीम.

तुम्ही सगळे येणार हे वाचून छान वाटलं. पण मी जरा विचार करत होते. त्या दिवशी फार गर्दी असेल. घर शहराबाहेर आहे, बस नीट नाही, वर जायला जिनाच आहे, लिफ्ट नाही. आणि मला टूर द्यायच्या आहेत, तुमच्याकडे लक्ष देता येणार नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात या. ऑगस्टमध्ये शांत असतं. मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन.

मिनीबसचं रद्द करता येईल ना? सुप्रभाताईंना माझ्यातर्फे सॉरी सांगा.

तुमची धम्मशीला


कॉव्हेंट्री, १६ एप्रिल २००७

चि. धम्मशीला, जय भीम.

समजलं. मिनीबस रद्द केली आहे. लोकांना मी सांगितलं की मला बरं नाही, तुझं नाव घेतलं नाही.

मोठी मंडळी येणार असतील. तिथं विहारातली म्हातारी माणसं, डब्यातून पोळी-भाजी आणणारी, शोभणार नाहीत हे खरं. तू तसं सरळ लिहिलं असतंस तरी मी काही म्हणालो नसतो. लिफ्टचं कारण कशाला? मी अजून जिने चढतो.

मामा


कॉव्हेंट्री, १० मे २००७

चि. धम्मशीला, जय भीम.

मी सोमवारी, घर उघडलं त्या दिवशी आलो होतो. बँक हॉलिडेची सुट्टी होती, कोचच्या बसचं तिकीट मिळालं, पुढं टॅक्सी केली. तुला त्रास द्यायचा नव्हता. गर्दीत लांबून उखळ पाहीन आणि परत जाईन, एवढंच मनात होतं. तुला माझी लाज वाटते असं समजून मी पत्रात तिरकं लिहिलं होतं, तेही डाचत होतं.

पाऊस तुला माहीतच आहे. दारात एक टापटीप बाई उभी होती, व्हॉलंटियरचा बिल्ला लावलेली. हसून म्हणाली, छत्री तिथं ठेवा. मी तिथं पाहिलं.

मला वाटलं, हे दुसरं काही असेल. मग काठ दिसला, एका बाजूला झिजलेला. आणि आत छत्र्या खच्चून भरलेल्या, सगळ्यांच्या ओल्या. मी म्हटलं, नो थँक यू, मी हातात धरतो. ती म्हणाली, जमिनीवर पाणी गळतंय, इथली फरशी जुनी आहे. फरशीची तिला काळजी. मी छत्री बाहेर पोर्चमध्ये ठेवून आलो. येईपर्यंत आणखी दोघांनी आपल्या त्यात टाकल्या.

मग मला काय झालं कळत नाही. मी एकेक छत्री काढून भिंतीशी ठेवायला लागलो. नीट ठेवल्या, फेकल्या नाहीत. कुणीतरी एक्सक्यूज मी म्हणत होतं. सगळ्या काढल्या, ती लाकडी मुठीची काळीसुद्धा, आणि मफलर काढून आतून पुसलं. हात खालपर्यंत पोचत नव्हता, वाकलो तर खोकला आला. तिथंच खोकत बसलो. त्या बाईनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं की तुमच्यासोबत कोणी आहे का, तुम्हाला तुमचं नाव आठवतं का. वाईट नव्हती ती. मग तिनं माझ्यासमोर सगळ्या छत्र्या परत त्यात भरल्या.

जिन्यावर एक म्हातारी उभी होती, तुझी तीच असावी. तिनं सगळं पाहिलं.

तुझा आवाज वरून येत होता. टोबायसचं सांगत होतीस, घराचे खांब, फळ्या, कुठलं लाकूड ते. इंग्रजी फार छान बोलतेस. तुझ्या आईनं ऐकायला पाहिजे होतं. विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझ्यासोबत कोणी नाही, आणि निघालो.

तू खोटं का लिहिलंस ते मला कळतं. म्हाताऱ्याला खूश करायचं होतं. पण पोरी, मी विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं गं.

मामा


ब्रिस्टल, १३ मे २००७

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं. मी रात्रभर झोपले नाही हे लिहायलाही लाज वाटते. तुम्ही खाली खोकत होतात आणि मी वर फळ्यांचं कौतुक करत होते. मला वाटलं होतं, म्हातारी माणसं आहेत, लांब राहतात, कुणाला कळणार. मी तुम्हाला फसवलं. मला तुमची लाज कधीच वाटली नाही, मामा. मला माझी वाटत होती, म्हणून तुम्हाला येऊ नका म्हटलं.

आज सकाळी मी मिसेस हॅलिवेलकडे गेले. त्यांनीच विचारलं, त्या दिवशीचा तो म्हातारा कोण होता ते कळलं का. मी म्हटलं, ते माझे मामा. मग रंभाआजीचं सगळं सांगितलं, गुरांचा कोठा, कोंडा-कणी, ओल्या घोंगड्यासाठी खाल्लेला मार, सगळं. रडत रडत सांगितलं, इंग्रजीची पार वाट लागली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तो माणूस पुसत होता तेव्हा मला वाटलं, इतक्या वर्षांत ते कुणीच पुसलेलं नाही.”

मग त्या उठल्या, खाली हॉलमध्ये गेल्या, मुलाची छत्री स्वतः काढली आणि घेऊन वर गेल्या. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाल्या. जेवायला त्या आल्या नाहीत. मी एकटीच त्या टेबलावर बसले.

मामा, बाकीच्या छत्र्या मी काढल्या, उखळ रिकामं आहे. यावेळी खरं. मी तुम्हाला फोन करते आहे, तुम्ही उचलत नाही. रागावून लिहा, पण लिहा.

धम्मशीला


ब्रिस्टल, २७ सप्टेंबर २००७

प्रिय मामा,

उन्हाळा गेला, तुमचं पत्र नाही. काही आठवड्यांपूर्वी सुप्रभाताईंचा फोन आला. त्यांच्याकडून कळलं की तुमच्या फुप्फुसांत फाउंड्रीची धूळ बसलीय, तुम्हाला फेब्रुवारीपासून माहीत होतं, आणि आता तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. ‘बाकी ठीक’ असं लिहीत होतात. मीच खोटं लिहीत होते असं समजत होते मी.

आता मला एक वाईट सांगायचं आहे. पुन्हा काही लपवणार नाही, म्हणून सांगते.

इतकी वर्षं पाणी प्यालेलं लाकूड हळूहळू वाळवायचं असतं. झाकून, थंड जागी, दोन-दोन वर्षं. हेच माझं शिक्षण आहे, मामा, हेच मी लोकांना शिकवते. तसं मी ते तळघरात ठेवलं होतं. पण सुप्रभाताईंचा फोन आला आणि मला दम धरवेना. तुमच्याकडे दोन वर्षं नाहीत असं त्या म्हणाल्या. मला ते कोरडं करून तुमच्यापुढे आणायचं होतं, तुम्ही हात लावावा म्हणून. मी ते बॉयलरच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आठवड्याने दार उघडलं तर ते काठापासून तळापर्यंत फाटलं होतं. दोन भाग, मध्ये बोटभर फट. जोडता येईल असं बॉस म्हणतो, पण मला माहीत आहे, ते पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. फर्मने मला कामावरून काढलं आहे. परमिट गेलं, डिसेंबरपर्यंत देश सोडायचा आहे. मिसेस हॅलिवेल एवढंच म्हणाल्या की आमच्या घरात ते दोनशे वर्षं टिकलं होतं.

फिबीचं उखळ मी फोडलं, मामा. मालगुजाराच्या पोराने आजीचं फोडलं आणि मी हिचं.

तुमची धम्मशीला


कॉव्हेंट्री, ४ ऑक्टोबर २००७

चि. धम्मशीला, जय भीम.

हे मी सांगतोय आणि सुप्रभाताई लिहितायत. माझा हात थरथरतो आणि नर्स मध्येच येऊन नळी बघते.

लिहिलं नाही ते रागानं नाही. पहिल्यांदा राग होता, खोटं कशाला बोलू. मग दम पुरेना. मग वाटलं, आता ठीक आहे असं लिहिता येणार नाही, आणि दुसरं काय लिहायचं ते माहीत नव्हतं.

मालगुजाराच्या पोरानं भात शिजवायला फोडलं. तू मला दाखवायला म्हणून घाई केलीस. ते आणि हे एक नाही, असलं पुन्हा लिहायचं नाही. परमिटचं ऐकून मात्र वाईट वाटलं. नागपूरला जाशील, काही उपाशी मरत नाहीस. जाण्याआधी इकडं ये. माझी छत्री त्या घराच्या पोर्चमध्ये राहिली आहे, मी तसाच पावसात टॅक्सीपर्यंत गेलो होतो. असली तर घेऊन ये. नसली तरी ये. दहाच्या आधी येऊ नकोस, डॉक्टरांची फेरी असते.

विहारातल्या लोकांना मी खरं काय ते सांगून टाकलं. दीनानाथ म्हणाला, पोरगी आहे, होतं असं. तेव्हा तोंड लपवू नकोस.

आणि त्यांना ते जोडू देऊ नकोस. तुझ्या म्हाताऱ्या बाईला माझा निरोप सांग, वाकडं न वाटू देता सांग. फाटलं ते असू द्यावं. फट तशीच ठेवावी आणि जिथं होतं तिथंच, दारात ठेवावं. मी इथं पडून पडून खूप विचार केला, आणि मला आता त्याचं वाईट वाटत नाही. पोरी, आता त्यात कुणाला काही ठेवता यायचं नाही.

तुझा मामा